जोड दिलेले फ्रॉक : युद्धकाळातल्या जर्मन स्त्रियांचे फोटो वाचताना

जर्मनीतल्या जुन्या बाजारांत घरगुती फोटो खोक्यांनी विकायला असतात. आकाराने तळहाताएवढे, कडा नागमोडी कापलेल्या, मागे अग्फासारख्या कंपनीच्या कागदाचा छाप. साल लिहिलेलं नसलं की पाहणारा पोशाखाकडे वळतो आणि तिथेच पहिली गल्लत होते. घट्ट चोळी, फुगीर बाह्या, घेरदार स्कर्ट आणि त्यावर एप्रन असा डिर्न्डल दिसला, की बाई नाझी विचारांची ठरवून लोक मोकळे होतात.

डिर्न्डलची हकीकत इतकी सरळ नाही. आल्प्सच्या खेड्यांतला हा पोशाख शहरी फॅशनमध्ये आणण्यात म्युनिकच्या वालाख बंधूंचा मोठा वाटा होता, आणि ते ज्यू होते. १९३८ मध्ये त्यांना आपला व्यवसाय सोडून द्यावा लागला. त्याच वर्षी साल्झबुर्गमध्ये ज्यूंना असे पोशाख घालायलाच बंदी झाली. पुढे इन्सब्रुकमध्ये गेरट्रूड पेसेनडॉर्फर यांच्या देखरेखीखाली लोकपोशाखाचं ‘नूतनीकरण’ झालं. उंच गळपट्टी गेली, कंबर आवळली, चोळी बांध्याला उठाव देणारी झाली. एवढं सगळं झालं तरी नुसत्या डिर्न्डलवरून ती बाई कोणत्या विचारांची होती हे कळत नाही. बव्हेरियात तो सणावाराचा पोशाख होता, सुट्टीवर गेलेल्या बर्लिनकर बाईसाठी हौसेचा.

सरकारी चित्रांतली आदर्श जर्मन स्त्री वेणी घालणारी, ओठ न रंगवणारी. शहरांतल्या खऱ्या फोटोंत मात्र गुडघ्यापर्यंतचा स्कर्ट, भर घातलेले खांदे, तिरकी टोपी आणि कुरळे केलेले केस दिसतात. हीच ठेवण त्या वेळी लंडन-पॅरिसमध्येही होती, त्यामुळे तिच्यावरून देश ठरत नाही. देशासाठी बोटं पाहावीत. जर्मनीत लग्नाची अंगठी बहुधा उजव्या हातात असते आणि साखरपुड्याची डाव्या. बायकांच्या कपड्यांत बटणपट्टीची उजवी बाजू डावीवर येते. ती उलटी दिसली तर निगेटिव्ह पालटून छापली असण्याची शक्यता असते, आणि मग अंगठीचा हातही उलटा धरावा लागतो.

साल ठरवताना सर्वांत उपयोगी पडते ती टंचाई. १४ नोव्हेंबर १९३९ला कपड्यांचं रेशनकार्ड आलं, त्यावर १०० गुण. स्टॉकिंगच्या जोडीला ४, पुलओव्हरला २५, जाकीट-स्कर्टच्या जोडीला ४५. दोन मोठ्या खरेदीतच कार्ड जवळपास संपायचं. १९४३च्या उन्हाळ्यानंतर बहुतेक प्रौढांना नवे कपडे मिळणंच थांबलं, कारण बॉम्बहल्ल्यांत घरं गेलेल्यांची गरज आधी होती. मग दोन जुन्या फ्रॉकांतून एक शिवायची पद्धत घरोघरी रुजली. छाती-पाठ चौकड्याची, बाह्या आणि स्कर्ट साधा. वाढत्या मुलीच्या फ्रॉकला खाली वेगळ्या कापडाची पट्टी. भिंगाखाली जुन्या दुमडीची रेघही दिसते. म्हणून फोटोतल्या सर्वांत जुन्या कपड्यावरून साल काढू नये, सर्वांत उशिरा केलेला बदल शोधावा. हे फोटो मला विचारसरणीपेक्षा या काटकसरीचे दस्तऐवज वाटतात.

गणवेश ओळखणं त्यामानाने सोपं. नाझी मुलींच्या संघटनेत गडद निळा स्कर्ट, पांढरा ब्लाउज, चामडी गाठीतून ओवलेला काळा रुमाल आणि डाव्या दंडावर प्रदेशाचं नाव लिहिलेला त्रिकोण. सैन्याच्या दळणवळण विभागातल्या मुलींच्या बाहीवर विजेचं चिन्ह. श्रमसेवेतल्या मुलींचा कामाचा वेष निळा, एप्रन पांढरा, डोक्याला लाल रुमाल. इथे मात्र फिल्म फसवते. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसत नाही, म्हणून लाल रुमाल काळा उमटतो आणि निळा वेष प्रत्यक्षाहून फिका. सगळे रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक फिल्मवर तोच वेष वेगळा वाटतो.

या खोक्यांत ज्यू स्त्रियांचे युद्धकाळातले फोटो फार थोडे सापडतात, आणि हे आपोआप घडलेलं नाही. १९४०च्या सुरुवातीपासून त्यांना कपड्यांचं कार्ड नाकारलं गेलं. १९ सप्टेंबर १९४१पासून सहा वर्षांवरच्या प्रत्येक ज्यूला छातीवर डाव्या बाजूला पिवळा तारा शिवणं सक्तीचं झालं. त्याच वर्षाच्या अखेरीस कॅमेरेही जमा करून घेतले. अल्बममधल्या जोड दिलेल्या फ्रॉककडे पाहताना, तेवढंही कापड ज्यांना मिळत नव्हतं त्या बायका चौकटीबाहेर होत्या हे विसरता कामा नये.

१९४५नंतर उरलंसुरलं सगळं कापड कामी आलं. लष्करी ब्लँकेटांचे कोट झाले, पॅराशूटच्या रेशमाचे ब्लाउज झाले. स्वस्तिकाच्या झेंड्यांचं लाल कापडही वाया गेलं नाही. पांढरं वर्तुळ उसवून त्याचे एप्रन आणि मुलींचे फ्रॉक शिवले गेले. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर असा फ्रॉक काळा येतो. तेव्हा १९४६च्या सुमाराच्या फोटोतली काळ्या कपड्यांतली मुलगी शोकात आहे असं लिहिण्याआधी शेजारच्या माणसांचे ओठ पाहावेत. तेही काळपट आले असतील, तर तिचा फ्रॉक लाल असू शकतो.