गुबगुबीत गाल आणि रक्तातलं अल्ब्युमिन

मंडळी, कॅन्सर लहान मुलांनाही होतो, आणि त्यातली पुष्कळ मुलं उपचारानं बरी होतात. पण रक्ताच्या कॅन्सरचा उपचार दोन ते तीन वर्षं चालतो. तो सोसायला अंगात ताकद पाहिजे. ती आहे की नाही, हे ओळखायचं कसं?

"काट्यावर उभं करा की!" तुम्ही म्हणाल. इथंच फसगत होते. मूत्रपिंडाची गाठ असलेल्या मुलाच्या पोटात गाठच किलोभर भरू शकते. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी चेहरा गोल होतो. आजी म्हणते, नातवानं बाळसं धरलं. दंड पाहावा तर काडी!

म्हणून डॉक्टर रक्तातलं अल्ब्युमिन तपासतात. हे यकृतात तयार होणारं प्रथिन रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवतं. १०० मिलिलिटर रक्तद्रवात ते साधारण साडेतीन ते पाच ग्रॅम असतं. फार उतरलं की पायांवर सूज येते, बोटानं दाबलं तर खळगा उरतो. खंगलेल्या मुलाला जंतुसंसर्ग लवकर गाठतो, मग औषधाचा पुढचा डोस लांबवावा लागतो. डोस लांबला की रोगाला सवड मिळते.

पण हा आकडा म्हणजे नुसता जेवणाचा हिशेब नव्हे. जंतुसंसर्गानंही तो उतरतो. अस्पॅराजिनेज या औषधानं तर अल्ब्युमिनची घडणच मंदावते. शिवाय अल्ब्युमिन निम्मं व्हायलाच जवळजवळ वीस दिवस लागतात. कालपासून मूल जेवत नसेल, तर ते आजच्या कागदावर दिसायचं नाही. तेव्हा जोडीला अंगणवाडीच्या ताईंकडे असते तीच दंडाची पट्टी लावतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड साडेबारा सेंटिमीटरच्या आत आला तर कुपोषण, साडेअकराच्या आत आला तर तीव्र कुपोषण.

गुरुजी, असं मूल उपचाराच्या मधल्या दिवसांत परळच्या टाटा रुग्णालयातून गावी येतं. शेजारीपाजारी सांगतात, अंडं उष्ण, दूध वर्ज्य. आणि पोर नुसत्या पेजेवर राहतं! डॉक्टरांची मनाई नसेल तर पूर्ण उकडलेलं अंडं, वरणभात, उकळलेलं दूध थोडं थोडं, पाच-सहा वेळा द्यावं. शिळं, उघड्यावरचं नको. टॉनिक विचारल्याशिवाय नकोच. काहींत फॉलिक आम्ल असतं, आणि मेथोट्रेक्झेट हे औषध नेमकं त्याच्याच विरुद्ध काम करतं. ताप १००.४ अंशांवर गेला तर मात्र उजाडायची वाट पाहू नये, त्याच रात्री इस्पितळ गाठावं, आणि उपचाराची फाईल बरोबर न्यावी.