विषारी मातीवर कंपोस्टचा उतारा

दक्षिण स्पेनमधील अझ्नालकोयार येथे खाणीच्या गाळतलावाचा बांध २५ एप्रिल १९९८ रोजी फुटला आणि आर्सेनिक, शिसे, जस्त, कॅडमियम यांनी भरलेला गाळ ग्वादियामार नदीकाठच्या शेतांवर पसरला. वरचा थर खरवडून काढल्यावरही जे धातू मातीत उरले, ते कुजून नाहीसे होणारे नव्हते. म्हणून सेव्हिलच्या संशोधकांनी त्या जमिनीत सांडपाण्याच्या गाळाचे कंपोस्ट आणि बीटसाखर कारखान्यांतील चुनायुक्त गाळ मिसळून पाहिला. चुन्याने मातीची आम्लता घटते, आणि कंपोस्टमधील ह्यूमस, म्हणजे कुजून स्थिरावलेला काळसर सेंद्रिय अंश, धातूंचे विद्युतभारित कण बांधून ठेवतो, त्यामुळे ते पाण्यात विरघळून मुळांपर्यंत पोहोचण्याचे प्रमाण कमी होते आणि उजाड जमिनीवर पुन्हा गवत धरते. या क्रियेला स्थिरीकरण म्हणतात. धातू मात्र जागेवरच राहतात, आणि ही गोष्ट तेथे पीक घेऊ पाहणाऱ्या शेतकऱ्यापासून लपवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. शिवाय अर्धवट कुजलेल्या खतातील विद्राव्य सेंद्रिय पदार्थ तांब्याला सोबत घेऊन खाली झिरपू शकतात, चुना जास्त झाल्यास आर्सेनिक उलट मोकळे होऊ शकते, आणि सांडपाण्याच्या गाळात मुळातच धातू असू शकतात. तेव्हा माती आणि खत या दोहोंची आधी तपासणी अपरिहार्य आहे, आणि कंपोस्ट हळूहळू झिजत असल्याने मातीची तपासणी पुढेही वर्षानुवर्षे करावी लागते.