हायब्रिड गाडी पेट्रोल कुठे वाचवते?

पेट्रोल इंजिनाला सगळ्यात महाग पडते ते शहरातले चालणे. सिग्नलला थांबायचे, पहिल्या गिअरमध्ये वीस-पंचवीस मीटर सरकायचे, पुन्हा थांबायचे. या चालीत इंजिनाकडून काम फार थोडे होते, पेट्रोल मात्र जळत राहते. आजचे चांगले इंजिन मध्यम फेऱ्यांवर आणि बऱ्यापैकी भार असताना इंधनातल्या ऊर्जेपैकी ३५ ते ४० टक्के ऊर्जा कामी लावते. भार हलका झाला की हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली घसरते आणि गाडी उभी असताना तर शून्यावर येते. त्यात ब्रेकची भर पडते. पेट्रोल जाळून मिळवलेला वेग ब्रेक पॅड आणि डिस्कच्या घर्षणात उष्णता होऊन उडून जातो.

या दोन गळत्या बुजवण्यासाठीच हायब्रिडची सारी रचना आहे. तिच्यात ऊर्जेचा नवा स्रोत नाही. बाहेरून चार्ज करता न येणाऱ्या हायब्रिडची बॅटरी शेवटी पेट्रोलवरच भरते, मग ती ऊर्जा थेट इंजिनाकडून आलेली असो की ब्रेक लावताना परत मिळवलेली. इंजिन कधी चालवायचे, किती भारावर चालवायचे आणि कधी बंद ठेवायचे, याचा निर्णय तिथे ड्रायव्हरच्या पायाऐवजी संगणक घेतो. बचत होते ती या निर्णयामुळे.

कल्पना जुनी आहे. फर्डिनांड पोर्शे यांनी १९०० च्या सुमारासच पेट्रोल इंजिनावर जनित्र फिरवून चाकांतल्या मोटारी चालवणारी गाडी बनवली होती. पण इंजिन आणि मोटर यांचा मेळ क्षणाक्षणाला घालणारी इलेक्ट्रॉनिक्स स्वस्त व्हायला जवळजवळ शतक जावे लागले. टोयोटाची प्रियस डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये विक्रीला आली. भारतात होंडाने २००८ मध्ये सिव्हिक हायब्रिड आणली आणि २०१० मध्ये प्रियसही आली, पण दोन्ही गाड्या किमतीमुळे मोजक्या लोकांपुरत्याच राहिल्या. मध्यमवर्गीय घरात हायब्रिडचा विचार सुरू झाला तो २०२२ पासून. त्या एका वर्षात होंडा सिटी, मारुती ग्रँड व्हिटारा आणि टोयोटा हायरायडर यांच्या हायब्रिड आवृत्त्या बाजारात आल्या. वर्ष सरता सरता इनोव्हा हायक्रॉसचेही पदार्पण झाले.

शोरूममध्ये ‘हायब्रिड’ या एकाच नावाखाली दोन फार वेगळ्या गाड्या विकल्या जातात आणि ग्राहकाची फसगत बहुतेकदा इथेच होते. माइल्ड हायब्रिडमध्ये अल्टरनेटरच्या जागी पट्ट्याने जोडलेली एक छोटी मोटर असते. ती सिग्नलला बंद झालेले इंजिन पुन्हा सुरू करते, वेग घेताना थोडा हात देते आणि ब्रेक लावताना थोडी वीज साठवते. गाडी नुसत्या विजेवर मात्र ती हलवू शकत नाही. बचत असते, पण बेताची. स्ट्राँग हायब्रिडमधली मोटर गाडी स्वतः ओढते आणि त्या वेळी इंजिन पूर्ण बंद राहू शकते. प्लग-इन हा तिसरा प्रकार. त्याची बॅटरी बरीच मोठी असते, ती घरी चार्ज करता येते आणि रोजचे अंतर बरेचसे विजेवर कापता येते. भारतीय बाजारात तो अजून महागड्या गाड्यांपुरता आहे. यापुढचे विवेचन स्ट्राँग हायब्रिडचे आहे.

ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर या दोन्ही गाड्यांत टोयोटाचीच यंत्रणा आहे. तिच्या केंद्रस्थानी प्लॅनेटरी गिअर आहे. मध्ये एक दातेरी चक्र, त्याभोवती फिरणारी छोटी चक्रे आणि सगळ्यांना वेढणारे आतून दाते असलेले कडे. मधल्या चक्राला पहिली मोटर जोडलेली असते, छोट्या चक्रांना धरून ठेवणाऱ्या चौकटीला इंजिन आणि बाहेरच्या कड्याच्या बाजूला दुसरी मोटर व गाडीची चाके. क्लच नाही, गिअर बदलणे नाही, पट्टाही नाही. तिन्ही भागांचे फेरे एकमेकांशी बांधलेले असल्यामुळे पहिल्या मोटरचा वेग कमी-जास्त केला की चाकांचा वेग तोच ठेवूनही इंजिन हवे त्या फेऱ्यांवर आणता येते. प्रियसच्या सुरुवातीच्या पिढ्यांत मधल्या चक्राला ३० आणि कड्याला ७८ दाते होते. त्या गुणोत्तरामुळे इंजिनाच्या टॉर्कपैकी सुमारे ७२ टक्के टॉर्क चाकांकडे जायचा आणि उरलेला २८ टक्के पहिली मोटर फिरवून वीज तयार करायचा. ती वीज लगेच दुसऱ्या मोटरला मिळे किंवा बॅटरीत जाई. नव्या गाड्यांत मोटर जोडण्याची तऱ्हा बदलली, तत्त्व तेच राहिले.

पहिली मोटर स्टार्टरचेही काम करते, त्यामुळे या गाडीत वेगळा स्टार्टर लागत नाही. अल्टरनेटरही नाही. मागे जायला वेगळा गिअर नाही, दुसरी मोटर उलटी फिरवली की झाले. साध्या गाडीत ज्या भागांची झीज होते आणि ज्यांवर गॅरेजचे बिल चढते, त्यातले कितीतरी भाग इथे मुळातच नाहीत. जास्त गुंतागुंतीची गाडी म्हणजे जास्त बिघाड, हा समज या यंत्रणेच्या बाबतीत टिकत नाही. जगभर टॅक्सी म्हणून प्रियस इतकी राबली, ती याच भरवशावर.

होंडा सिटीची रीत निराळी आहे. तिथे कमी आणि मध्यम वेगाला इंजिन फक्त जनित्र फिरवते आणि चाके मोटर ओढते. हायवेचा वेग गाठल्यावर एक क्लच इंजिनाला थेट चाकांशी जोडतो. आपल्या रेल्वेची डिझेल इंजिने वर्षानुवर्षे यातल्या पहिल्या अर्ध्याच पद्धतीने धावत आली आहेत, म्हणजे डिझेलवर जनित्र आणि चाकांना मोटारी. फक्त त्यांच्यात कर्षणासाठीची वीज साठवणारी बॅटरी नसते.

इंजिनही वेगळ्या धाटणीचे असते. नेहमीच्या इंजिनात पिस्टन खाली जाताना हवा-पेट्रोलचे मिश्रण आत येते आणि वर जाताना दाबले जाते. हायब्रिडच्या इंजिनात पिस्टन वर निघाल्यानंतरही इनटेक व्हॉल्व्ह काही काळ उघडा ठेवतात. थोडे मिश्रण परत ढकलले जाते, प्रत्यक्षात दाबले जाते ते कमी, पण जळल्यानंतर प्रसरण मात्र पूर्ण लांबीचे होते. स्फोटातली ऊर्जा अधिक पिळून घेतली जाते आणि इंजिनाची कार्यक्षमता ४० टक्क्यांपर्यंत पोहोचते. याला अॅटकिन्सन चक्र म्हणतात. जेम्स अॅटकिन्सन या ब्रिटिश अभियंत्याने १८८० च्या दशकात ते सुचवले होते. या चक्राचा तोटा म्हणजे ताकद कमी मिळते, खास करून कमी फेऱ्यांवर. ग्रँड व्हिटाराच्या साध्या आवृत्तीचे दीड लिटरचे इंजिन १०३ पीएस देत होते, तर हायब्रिडचे तेवढेच इंजिन सुमारे ९२ पीएस देते. ही उणीव मोटर भरून काढते, कारण मोटर शून्य फेऱ्यांपासूनच पूर्ण टॉर्क देते. सिग्नल सुटल्यावर हायब्रिड गाडी आवाज न करता चटकन पुढे निघते ती त्यामुळेच.

कागदावरचा एक आकडा इथे अनेकांना गोंधळात टाकतो. इंजिन ९२ पीएस, मोटर ८० पीएस, मग एकूण ताकद ११६ पीएसच कशी? बॅटरीची क्षमता जेमतेम ०.७६ युनिट आहे आणि ती एका वेळी मोजकीच वीज सोडू शकते. मोटरची बाकीची वीज पहिल्या मोटरमार्फत इंजिनाकडूनच येते, म्हणजे ती दोनदा मोजता येत नाही. इंजिन अधिक बॅटरी, एवढीच खरी बेरीज.

पाऊण युनिटाची ही बॅटरी फार लहान वाटते. पूर्ण इलेक्ट्रिक गाडीत तीस-चाळीस युनिटांची बॅटरी असते. पण शहरासाठी ती पुरते, हे हिशेबाने कळते. माणसांसकट १,४०० किलोची गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिच्यातली गतिज ऊर्जा भरते सुमारे ०.०३८ युनिट. एका वेळी ब्रेक लावून यातला काही भागच परत मिळतो, कारण हवा, टायर आणि वीज घडवण्या-साठवण्यातली घट आपला वाटा घेतात. म्हणजे एका थांब्याची कमाई साठवायला बॅटरीचा छोटासा कोपरा पुरतो आणि पुढच्या सिग्नलला ती खर्चही होते. शिवाय बॅटरी कधी पूर्ण भरू देत नाहीत आणि पूर्ण रिकामीही होऊ देत नाहीत. मधल्याच पट्ट्यात फिरवल्यामुळे ती वर्षानुवर्षे टिकते. कंपन्या तिला ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी देतात ती या भरवशावर.

घाटात मात्र या लहान बॅटरीची मर्यादा दिसते. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना गाडी सुमारे ५०० मीटर खाली येते. त्याच १,४०० किलोच्या गाडीसाठी ही ऊर्जा जवळजवळ १.९ युनिट होते, म्हणजे बॅटरीच्या अडीचपट. अर्ध्या उतारातच पडद्यावर बॅटरी भरलेली दिसू लागते आणि पुढची ऊर्जा ठेवायला जागा उरत नाही. तेव्हा पहिली मोटर पेट्रोल न सोडता इंजिन फिरवते आणि गाडीला रोखून धरते. अचानक वाढलेल्या त्या घरघरीने नवा चालक दचकतो, पण तो बिघाड नसून इंजिन ब्रेकिंग असते. लांब उतारावर गिअरचा दांडा ‘बी’वर टाकला की हेच काम आधीपासून सुरू होते आणि ब्रेक तापत नाहीत. घाट चढताना उलटा प्रकार. बॅटरी लवकर उतरते, भार इंजिनावर येतो आणि इंजिन एका वरच्या सुरात ओरडत राहते. वेग आणि आवाज यांचा मेळ बसत नाही. तीन सिलिंडरच्या इंजिनात हे जास्त जाणवते आणि ज्यांना गाडी चालवण्याचा आनंद गिअरबॉक्समध्ये मिळतो त्यांना ते आवडणार नाही.

रोजच्या वापरात सर्वाधिक फायदा होतो तो रेंगाळणाऱ्या गर्दीत. पश्चिम द्रुतगती मार्गावरची संध्याकाळ किंवा हिंजवडीची सकाळ हा हायब्रिडचा हक्काचा रस्ता. तिथे इंजिन बराच वेळ बंदच असते आणि साधी गाडी जिथे सर्वात कमी मायलेज देते तिथे हायब्रिड सर्वात चांगले देते. मे महिन्यात यात थोडी घट येते. या गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, त्यामुळे सिग्नलला इंजिन बंद असूनही गारवा टिकतो. पण ती वीज बॅटरीतून जाते आणि मग बॅटरी भरायला उभ्या गाडीतच इंजिन सुरू होते.

हायवेवर चित्र पालटते. ताशी १०० किलोमीटरला हवेचा विरोध ५० च्या चौपट होतो. ब्रेक क्वचित लागतो, म्हणून परत मिळवायला काही नसते. इंजिन आधीच योग्य भारावर असते. हायब्रिडच्या इंजिनाची कार्यक्षमता इथेही थोडी कामी येते, पण शहरातला मोठा फरक उरत नाही. महिन्यातून चार वेळा पुणे-नागपूर करणाऱ्याने चांगले डिझेल इंजिन आधी पाहावे.

ग्रँड व्हिटारा हायब्रिडच्या जाहिरातीतला लिटरला २७.९७ किलोमीटरचा आकडा याच संदर्भात वाचायला हवा. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था ठरलेल्या चक्रानुसार रोलरवर गाडी चालवून हे आकडे प्रमाणित करतात. त्या चक्रात कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो, एसी बंद असतो, चढ-उतार नसतात. रस्त्यावरचा आकडा त्याहून कमीच येणार. तो किती कमी येईल, हे मात्र ड्रायव्हरच्या पायावर बरेच अवलंबून असते. दूरवर लाल दिवा दिसताच पाय उचलून हलका ब्रेक लावला तर मोटर वीज गोळा करते. शेवटच्या क्षणी जोरात दाबला तर काम ब्रेक पॅडवर जाते आणि ऊर्जा वाया.

देखभालीत दोन गोष्टी सांभाळाव्यात. अनेक हायब्रिड गाड्यांत बॅटरी थंड ठेवणारी हवा केबिनमधून जाळीतून खेचली जाते. त्या जाळीवर सामान, टॉवेल किंवा सीट कव्हर येऊ देऊ नये आणि सर्व्हिसिंगला ती साफ झाली का ते विचारावे. दुसरी गोष्ट नारिंगी रंगाच्या तारांची. त्यांतून प्राणघातक दाबाची वीज वाहते. अपघात झालेल्या किंवा पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीत नाक्यावरच्या मेकॅनिकला हात घालू देऊ नये. डिकीची जागाही पाहून घ्यावी. ग्रँड व्हिटाराच्या साध्या आवृत्तीत ती ३७३ लिटर आहे, हायब्रिडमध्ये बॅटरीमुळे २६५.

राहिला प्रश्न पैशांचा. सप्टेंबर २०२५ पासूनच्या जीएसटी रचनेत चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडवर तेवढ्याच पेट्रोल गाडीइतका, म्हणजे ४० टक्के कर आहे आणि इलेक्ट्रिक गाडीवर ५ टक्के. शहरात निम्म्याने जास्त अंतर कापून देणाऱ्या यंत्रणेला करात काहीच सवलत नसावी, हे न्याय्य वाटत नाही. पण ग्राहकाला हिशेब आजच्या किमतीवर करायचा आहे. साधी गाडी शहरात लिटरला १४ आणि हायब्रिड २२ किलोमीटर देते असे धरले, तर महिन्याला १,००० किलोमीटरमागे सुमारे २६ लिटर वाचतात. शंभर रुपये लिटरने २,६०० रुपये. किमतीतला फरक अडीच लाखांचा असेल तर तो वसूल व्हायला आठ वर्षे लागतात, बॅटरीच्या वॉरंटीइतकीच. महिन्याचे शहरी धावणे २,००० किलोमीटर असेल तर चार वर्षे. त्याहून कमी चालणाऱ्या घराने शांतपणा आणि कमी धूर यांसाठी हायब्रिड जरूर घ्यावी, फक्त पेट्रोल वाचवायला घेऊ नये.