बारा बाय चाळीसचे लिंबायत

सुरत स्टेशनातून दक्षिणेला निघालेली रेल्वे उधन्याला फुटते. सरळ जाणारा मार्ग मुंबई गाठतो. पूर्वेला वळणारा नंदुरबार, अमळनेर, जळगाव करत भुसावळला पोचतो. या वळणाच्या कोनात, रिंग रोडवरच्या कापड बाजाराच्या पाठीमागे, लिंबायत आहे. शहराकडून तिथे शिरायचे तर रुळांखालच्या गरनाळ्यातून जावे लागते. पलीकडे पाट्या गुजरातीत, रिक्षातले बोलणे हिंदीत आणि ओट्यावरच्या गप्पा अहिराणीत. शेजारच्या डिंडोली, गोडादरा, नवागामसह हा पट्टा म्हणजे महाराष्ट्राच्या नकाशाबाहेर राहिलेला खानदेशच आहे. लिंबायतच्या आमदार २०१२ पासून संगीता पाटील आहेत आणि ज्या नवसारी लोकसभा मतदारसंघात हा भाग मोडतो, त्याचे खासदार २००९ पासून जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील. सत्तेपर्यंत पोचलेल्या या वस्तीतली असंख्य कुटुंबे मात्र अजून एकाच खोलीत संसार करतात.

जगातल्या मोठ्या शहरांत आता लहान घर ही विकायची वस्तू झाली आहे. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये २०१६ साली ‘कार्मेल प्लेस’ नावाची इमारत उभी राहिली. तिच्यात २६० ते ३६० चौरस फुटांची ५५ घरे आहेत, आणि ‘मायक्रो-अपार्टमेंट’ म्हणून त्यांचे मोठे कौतुक झाले. एकट्या माणसाने तिथे राहावे, अशी कल्पना. आपल्याकडच्या २०१५ च्या पंतप्रधान आवास योजनेत आर्थिक दुर्बल घटकासाठी ३० चौरस मीटरपर्यंतचे, म्हणजे सुमारे ३२३ चौरस फुटांचे घर धरले होते. मॅनहॅटनमध्ये जी जागा एका माणसाला, ती इथे अख्ख्या कुटुंबाला. लिंबायतमधली दहा बाय बाराची भाड्याची खोली तर १२० चौरस फुटांची. दोन्हींच्या निम्म्याहूनही लहान. तरीही या खोल्या रिकाम्या राहत नाहीत. त्या कशा उभ्या राहिल्या आणि त्यांच्या जागी येणारे फ्लॅट त्यांचे काम करू शकतील का, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

गाडीच्या वाटेने

सुरत ते अमळनेर हा तापी खोऱ्यातला रेल्वेमार्ग १९०० च्या सुमारास पुरा झाला. खानदेशचा कापूस बंदराकडे नेण्यासाठी घातलेल्या या रुळांवरून पुढे कापसाआधी माणसेच निघाली. १ मे १९६० पर्यंत खानदेश आणि सुरत एकाच मुंबई राज्यात होते. सीमा नंतर पडली, गाडी तीच राहिली. १९७२ च्या दुष्काळाने कोरडवाहू गावे हलली. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपानंतर कापडाचा धंदा भिवंडी आणि सुरतेच्या यंत्रमागांकडे सरकला. कृत्रिम धाग्याच्या साडीने सुरतेला देशभराची गिऱ्हाइके मिळवून दिली. १९६१ साली २.८८ लाख लोकसंख्येचे हे शहर १९९१ मध्ये १५ लाखांवर आणि २०११ मध्ये ४४.६७ लाखांवर गेले. पन्नास वर्षांत पंधरा पट.

या गर्दीतला खानदेशी माणूस एका बाबतीत वेगळा होता. ओडिशातून आलेले यंत्रमाग कामगार बहुधा एकटे येतात. वेड रोड, कतारगाम भागातल्या मेसमध्ये ते राहतात. दिवसपाळीचा उठला की त्याच जागेवर रातपाळीचा झोपतो. त्यांना हवी असते पाठ टेकायला जागा. धुळे-नंदुरबारचा माणूस एका रात्रीच्या अंतरावरून आला, वर्ष-दोन वर्षांत बायकोमुलांना घेऊन आला. सुरत महापालिकेची शिक्षण समिती सात माध्यमांच्या शाळा चालवते, त्यांत मराठीही आहे. म्हणजे पोरांच्या शिक्षणाची सोय होती. त्याला हवी होती खोली: चूल मांडता येईल, दार लावून घेता येईल अशी. लिंबायत घडले ते या गरजेतून.

वारावर विकलेली शेती

१९७६ च्या नागरी जमीन कमाल मर्यादा कायद्याने शहरालगतची जमीन सरळ मार्गाने विकणे अवघड केले. गुजरातने तो १९९९ मध्ये सोडला. शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकायला बंदी होतीच. तेव्हा मधल्या काळात तिसरी वाट निघाली. शेतकऱ्याने जमीन एका विकासकाच्या हवाली करायची, त्याने चुन्याच्या रेघा मारून पट्ट्या पाडायच्या, पुढे ‘नगर’ किंवा ‘सोसायटी’ लावून नाव द्यायचे आणि वारावर भाव सांगून हप्त्याने विकायचे. बिनशेती परवानगी नाही, मंजूर नकाशा नाही. हातात काय, तर मुद्रांक कागदावरचा करार, कब्जा पावती आणि मुखत्यारपत्र. पुढे महापालिकेचे वेरा बिल, म्हणजे घरपट्टीचे बिल, आणि विजेचे बिल नावावर आले की माणूस सुटकेचा श्वास टाकी. वेरा बिल हा मालकीचा पुरावा नव्हे, हे कायदा सांगतो. पण पाडापाडीची नोटीस आली तर दाखवायला तेवढेच असते, हे वस्ती सांगते.

या पट्ट्यांचे नेहमीचे माप बारा बाय चाळीस फूट. म्हणजे ४८० चौरस फूट, सुमारे ५३ वार. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांना चिकटलेल्या, त्यामुळे उजेड आणि वारा येणार तो फक्त पुढून आणि मागून. जिना तीन फूट खातो. मधली खोली भर दुपारी दिवा लावल्याशिवाय दिसत नाही. सुरुवातीला पुढे ओटा, मागे मोरी आणि वर पत्रे, एवढेच असते. नंतर स्लॅब पडतो. सळ्या वर तशाच ठेवलेल्या असतात, कारण पुढचा मजला ठरलेलाच आहे. भिशी लागली, थोरला कामाला लागला, गावाकडचे बिघाभर रान विकले, की एक मजला चढतो. बाहेरून लोखंडी जिना टाकला की वरच्या खोल्या भाड्याने द्यायला मोकळ्या. त्या भाड्यातून तिसरा मजला.

यामागचे गणित सुरतच्या मजुरीत आहे. यंत्रमागावर पाळी बारा तासांची आणि पैसा मीटरवर. भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन हे शब्द बहुतेक कारखान्यांत ऐकूसुद्धा येत नाहीत. नजर मंदावली, कान गेले, की माणूस पन्नाशीतच मागावरून उतरतो. त्यानंतर त्याला पोसतात त्या वरच्या दोन खोल्या. नव्याने आलेला गाववाला त्या खोलीत भाड्याने राहतो, पैसे साठवतो आणि पुढे डिंडोलीत, गोडादऱ्यात स्वतःची पट्टी घेतो. घरमालकाचे म्हातारपण आणि भाडेकरूचे तरुणपण एकाच जिन्यावर चाललेले असते. इथल्या लहान खोलीचे मोल चौरस फुटांत काढले, तर हिशेब चुकतो.

खोलीतले चोवीस तास

म्हणून या खोलीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहण्याच्या खोलीचे किमान क्षेत्रफळ साडेनऊ चौरस मीटर आहे, म्हणजे सुमारे १०२ चौरस फूट. दहा बाय बाराची खोली या अटीत जेमतेम बसते. पण संहितेला अभिप्रेत असलेली खोली घराचा एक भाग असते. इथे ती संपूर्ण घर असते. रातपाळीचा माणूस सकाळी आठला येऊन झोपतो, तेव्हा मुले गल्लीत काढावी लागतात. दुपारी त्याच जमिनीवर साड्यांचे गठ्ठे उघडतात. टिकली-खडे चिकटवणे, लेस लावणे, धागे कापणे ही कामे बायका घरी आणतात आणि पैसे नगावर मिळतात. सुरतच्या साडीवरची बरीचशी चमक अशा खोल्यांत चढते. संडास बहुधा मजल्यावर एक, सकाळी रांग ठरलेली. २०१२ साली केंद्र सरकारच्या तांत्रिक गटाने देशाच्या शहरांतली घरटंचाई १.८८ कोटी घरांची मोजली. त्यातली जवळजवळ दीड कोटी ही दाटीची होती. घर आहे, पण जोडप्याला वेगळी खोली नाही. लिंबायतमध्ये टंचाईचा अर्थ असा आहे.

ही दाटी सुसह्य होते ती दाराबाहेर. ओटा ही बैठकीची खोली, गल्ली हे अंगण, गच्ची हे वाळवणाचे आणि उन्हाळ्यात झोपायचे ठिकाण. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. घरातल्या पुरुषांच्या संख्येने सव्वा-सव्वा मूठ धान्य मोजून रोटाचे पीठ दळायचे आणि ते रोट भाऊबंदांनीच संपवायचे, अशी रीत. रात्रभर गाणी आणि फुगड्या, सोमवारी विसर्जन. एवढे भाऊबंद १२० चौरस फुटांत मावणे अशक्य. पण तळमजल्याचे दार गल्लीत उघडते, म्हणून सण गावाकडच्यासारखा होतो. आठव्या मजल्यावरच्या व्हरांड्यात तो कसा करायचा, याचे उत्तर कुठल्याही आराखड्यात नाही.

वाढणारे घर, न वाढणारा फ्लॅट

गेल्या वीस वर्षांत सुरतेत सरकारी घरे मोठ्या संख्येने झाली. २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानातून अमरोलीजवळ कोसाड आवासासारख्या वसाहती उभ्या राहिल्या. २०१५ पासून पंतप्रधान आवास योजनेतल्या बहुमजली इमारती आल्या. २०२० मध्ये परप्रांतीय कामगारांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना निघाली, तिच्यात सुरतेतली ३९३ रिकामी सरकारी घरे भाड्यासाठी वापरात आली. लाखोंच्या गरजेपुढे हा आकडा किती, ते सांगायला नको.

सरकारी असो की खासगी, फ्लॅटचे फायदे खरे आहेत. संडास आतमध्ये, उजेड दोन बाजूंनी, दस्तऐवज पक्का, बँकेचे कर्ज मिळते. बाईमाणसाला रात्री बाहेर जावे लागत नाही, ही एकच गोष्टही पुरेशी मोठी आहे. पण हा फ्लॅट जन्मतो तेवढाच राहतो. मुलाचे लग्न झाले तर भिंत सरकत नाही. वर खोली चढत नाही, खाली दुकान निघत नाही. दोन शिलाई मशिने टाकली तर शेजारी तक्रार करतात. भाडे येण्याऐवजी महिन्याचा देखभाल खर्च जातो. पट्टीवरचे घर कमावते. फ्लॅट खर्च करतो.

या दोहोंच्या मधली वाट आपल्याच देशात चालून पाहिलेली आहे. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपला १९८५ नंतर जागतिक बँकेच्या मदतीने लहान भूखंड आखले गेले. रस्ता, पाणी, गटार आणि मालकीचा कागद आधी दिला, घर लोकांनी जमेल तसे बांधले. इंदूरच्या अरण्य वसाहतीत बाळकृष्ण दोशींनी हेच केले आणि तिला आगाखान पुरस्कार मिळाला. दोन्हीकडे सरकारने कागद आणि नळ पुरवला, मजले लोकांनी चढवले. लिंबायतच्या लोकांनी मजले चढवायचे काम तर केव्हाच केले. कागद आणि गटार मात्र मागून येत राहिले.

कुठे चुकते

मागून येण्याची किंमत जबर असते. ६ जुलै २०२४ रोजी सचिन औद्योगिक वसाहतीजवळच्या पाली गावात कामगारांच्या भाड्याच्या खोल्यांची बहुमजली इमारत कोसळली आणि सात जण दगावले. ती इमारत दहा वर्षांचीही नव्हती. सळ्या वर सोडून मजल्यावर मजला चढवताना पाया कुणी तपासत नाही, हे साऱ्या पट्ट्याचे दुखणे आहे. दुसरे दुखणे खाडीपुराचे. मिठी खाडी फुगली की लिंबायतचे तळमजले पाण्यात जातात आणि धंदा, धान्य, मशिने सारे तळमजल्यावरच असते.

कायद्यांची जाळी मोठ्या माशांसाठी विणलेली आहे. २०१६ च्या रेरा कायद्यात पाचशे चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा आठपर्यंतची घरे यांना नोंदणीची सक्ती नाही. बारा बाय चाळीसची पट्टी ४५ चौरस मीटरची. तिच्यावरच्या खोल्या रेराला दिसतच नाहीत. अनधिकृत बांधकामे इम्पॅक्ट फी भरून नियमित करण्याचे कायदे गुजरातने २०११ आणि २०२२ मध्ये आणले, पण फी भरून पाया मजबूत होत नाही. लिंबायतच्या काही भागांना अशांत धारा, म्हणजे अशांत क्षेत्र कायदाही लागू आहे. तिथे घर विकायचे तर जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते. त्यामुळे आधीच कच्चा असलेला व्यवहार अजून कच्च्या कागदावर ढकलला जातो.

आणि आता मेट्रो येते आहे. भेसाण ते सारोली या दुसऱ्या मार्गिकेवरची आंजणा फार्म आणि मॉडेल टाऊन ही स्थानके याच भागाच्या उत्तर कडेला आहेत. भाव चढतील, पट्ट्या जोडून टॉवर उठतील. ज्याच्याकडे पक्का दस्तऐवज, त्याला मोबदला. ज्याच्याकडे वेरा बिल, त्याला घासाघीस. आणि भाडेकरूला गोडादऱ्याच्याही पलीकडचा रस्ता.

महापालिकेने लिंबायत पाडून नवे बांधण्यापेक्षा आहे ते तपासून पक्के करावे: पट्ट्यांना मालकीचा कागद, प्रत्येक नव्या मजल्याआधी स्वस्तात पायाची तपासणी, गल्लीगल्लीत पावसाळी गटार आणि नव्या इमारतींत ओट्याइतकी तरी सामाईक जागा. हे सारे मिळूनही टॉवरपेक्षा स्वस्त पडेल. आणि दिवाळीच्या मुहूर्तावर तिथे वन आरके किंवा वन बीएचकेची पुस्तिका हातात घेतलेल्या वाचकाला एवढेच सांगणे: सुपर बिल्ट-अपचा आकडा बाजूला ठेवून कार्पेट क्षेत्र विचारा, गुजरात रेराचा नोंदणी क्रमांक आणि इमारत वापराची परवानगी मागा, गेल्या पावसाळ्यात त्या गल्लीत पाणी कुठवर होते ते तळमजल्यावरच्या दुकानदाराला विचारा, आणि वेरा बिलावर भरवसा ठेवून बयाणा देऊ नका.