कुंपणावरची कळलावी



श्रावण-भाद्रपदात करवंदीच्या जाळीवर किंवा शेताच्या कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळेसारखे एक फूल डोलताना आपण पाहिले असेल. तीच कळलावी. कुणी तिला अग्निशिखा म्हणतात. कोकणात गौरीच्या सजावटीत या फुलांना ‘गौरीचे हात’ म्हणून मान असतो. पण हीच वेल दारात उगवली, की पुष्कळजण तिच्यावर विळा चालवतात. का? तर म्हणे, हिच्यामुळे घरात कळ लागते, भांडणे होतात! मंडळी, भांडणे माणसे लावतात. बिचाऱ्या वेलीचा त्यात काय दोष?

बागेच्या दृष्टीने ही वेल गुणाची आहे. ती आपल्याच मातीतली आहे. पानांच्या टोकांना तणावे असतात. त्यांनी ती कुंपण धरून वर चढते. फूल आधी हिरवट-पिवळे, मग केशरी, शेवटी लालभडक होते. दिवाळीनंतर वेल वाळते, पण जमिनीतला कंद जिवंत राहतो. उन्हाळाभर त्याला पाणी लागत नाही. पाऊस पडला, की पुन्हा कोंब! एकदा लावली, की वर्षानुवर्षे फुले देते.

लावायची कशी? मृगाच्या सुमारास, निचऱ्याच्या जमिनीत कंद आडवा ठेवून दोन-तीन बोटे माती घालावी. कंद नांगराच्या फाळासारखा वाकडा असतो. म्हणूनच संस्कृतात हिला ‘लाङ्गली’ म्हणतात. कोंब त्याच्या टोकालाच फुटतो, म्हणून टोक जपावे. पाणी साचले तर कंद कुजतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, नीट ध्यानात ठेवा. कळलावी विषारी आहे. मुळापासून बीपर्यंत सगळी वेल विषारी. कंद आणि बी तर फारच. रताळे किंवा करांदा समजून कंद खाल्ला, तर जीव जाऊ शकतो. गुरांनाही तो घातक आहे. यातील कोल्चिसिन या द्रव्यापासून सांधेदुखीच्या एका प्रकारावर औषध करतात, आणि त्यासाठी तमिळनाडूत हिची शेतीही होते. पण मात्रा ठरवणे डॉक्टरांचे काम. बाळंतपणात कळा याव्यात म्हणून हिचा कंद वापरण्याची जुनी चाल तर मुळीच पाळू नये. चुकून कुणाच्या पोटात गेलाच, तर उलट्या-जुलाबांची वाट न पाहता, झाडाचा तुकडा बरोबर घेऊन, ताबडतोब दवाखाना गाठावा.

गुरुजी, बालवाडीच्या अंगणात ही वेल नको. मोठ्या मुलांना मात्र ती कुंपणावर जरूर दाखवा. पाहावी, पण तोंडात घालू नये, हे शिकवा. रानातून कंद उपटून आणू नका. पिकलेल्या बोंडातले थोडे बी आणा. फुलायला दोन-तीन वर्षे लागतील, पण रानातली वेल रानात राहील. बी हाताळल्यावर हात धुवायला विसरू नका हं!

भीतीने वेल उपटली, तर एक फूल कमी होते. ओळख करून घेतली, तर फूलही राहते आणि मूलही सुखरूप राहते.