खेळातलं इंजिन, पलटणीतला सराव

कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात ट्वेंटीनाइन पाम्स इथे अमेरिकेच्या मरीन कोअरचा मोठा तळ आहे. २००९ साली जर्मन चित्रपटकार हारून फारोकी तिथे कॅमेरा घेऊन गेले. त्यांच्या एका चित्रफितीत बॉम्ब, तोफा, कवायत यांतलं काही नाही. त्यांनी टिपला एक वर्ग. लॅपटॉपसमोर बसलेले गणवेशातले तरुण, पडद्यावर अफगाणिस्तानातला धुळीचा रस्ता आणि त्यावरून चाललेली लष्करी गाडी. एक जण गाडी हाकतोय, एक हुकूम देतोय, एक मशीनगनवर आहे. दुसऱ्या संगणकावर प्रशिक्षक बसलाय. त्यांच्या वाटेत कुठे सुरुंग पेरायचा आणि शत्रू कुठे दबा धरून बसवायचा, हे तो माउस फिरवून ठरवतोय. थोड्याच वेळात गोळीबार सुरू होतो आणि मशीनगनवरचा जवान पडद्यावर मरतो. खुर्चीतला जवान हात काढून मागे रेलतो. फारोकींनी या चित्रफितीला नाव दिलं, ‘वॉटसन इज डाउन’.

त्या लॅपटॉपवर चालू होतं ‘व्हर्च्युअल बॅटलस्पेस २’, म्हणजे व्हीबीएस-२. त्याचं मूळ आहे प्राग शहरातल्या एका कंपनीने बनवलेल्या, दुकानात विकल्या गेलेल्या गेममध्ये. जगातल्या बलाढ्य लष्करांना जवान तयार करण्यासाठी पोरांचा खेळ का लागावा? ‘चित्रं हुबेहूब असतात म्हणून’ हे उत्तर लगेच सुचतं, पण ते अपुरं आहे. लष्कराला चित्रांपेक्षा त्यांच्यामागचं इंजिन हवं होतं.

गेमचं इंजिन म्हणजे सुसज्ज नाट्यगृह. प्रकाश, ध्वनी, नेपथ्य, पडदा ओढायची यंत्रणा, सगळं तयार. नाटक मात्र दर वेळी वेगळं आणता येतं. गोळी कशी जाईल, भिंतीला लागली तर काय होईल, संगणकाचा शत्रू कुठे लपेल, दहा खेळाडूंना एकाच वेळी एकच घटना कशी दिसेल, ही सगळी कामं इंजिन सांभाळतं. हे नव्याने लिहून घ्यायचं तर वर्षं जातात आणि पैसा पाण्यासारखा खर्च होतो. खेळांच्या बाजारात तो खर्च आधीच वसूल झालेला असतो.

लष्कराची नजर या बाजाराकडे तशी जुनीच. अटारी कंपनीचा ‘बॅटलझोन’ हा रणगाड्यांचा खेळ १९८० साली आला आणि लगेच अमेरिकी लष्कराने ब्रॅडली या चिलखती गाडीच्या तोफचींसाठी त्याची वेगळी आवृत्ती मागितली. खेळ लिहिणाऱ्या एड रोटबर्ग यांना हे काम मुळीच पसंत नव्हतं. त्यांनी ते नाइलाजाने केलं आणि प्रकरण मोजक्या नमुन्यांवरच थांबलं. पायदळाची पाळी आली ती १९९६ मध्ये. व्हर्जिनियातल्या क्वांटिको तळावर मरीन कोअरच्या सिम्युलेशन विभागातल्या मंडळींनी ‘डूम २’ हा खेळ घेतला आणि त्यातले राक्षस काढून टाकले. त्यांच्या जागी खेळण्यातल्या सैनिकांची स्कॅन केलेली चित्रं बसवली. आसुरी बंदुका गेल्या आणि एम-१६ रायफल आली. ‘डूम’च्या निर्मात्यांनी नकाशे आणि चित्रं मूळ प्रोग्रामपासून वेगळ्या फाइलींत ठेवली होती, म्हणून हे जमलं.

याला नाव पडलं ‘मरीन डूम’. नेमबाजी शिकवण्याच्या दृष्टीने तो कुचकामीच होता. त्यात वर-खाली बघता येत नव्हतं आणि एका खोलीवर दुसरी खोली रचता येत नव्हती. पण चार जणांची फायर टीम चार संगणकांवर बसली की एक गोष्ट आपोआप घडायची, ती म्हणजे बोलणं. मी दार सांभाळतो, तू आत शीर, माझ्या गोळ्या संपत आल्यात. जो बोलला नाही, त्याची तुकडी मेली. १९९७ साली मरीन कोअरचे प्रमुख जनरल चार्ल्स क्रुलाक यांनी निर्णयक्षमता वाढवणाऱ्या अशा खेळांना सरकारी संगणकांवर रीतसर परवानगी दिली.

खरी उडी २००१ मध्ये पडली. मारेक आणि ओंद्रेय श्पानेल या चेक भावांच्या बोहेमिया इंटरॅक्टिव्ह कंपनीने ‘ऑपरेशन फ्लॅशपॉइंट’ हा खेळ बाजारात आणला. तोवरचे बहुतेक नेमबाजीचे खेळ बोळांतून धावायचे. या खेळात अख्खी बेटं होती. शत्रू शेकडो मीटरवर ठिपक्याएवढा दिसायचा, गोळीला पोचायला वेळ लागायचा, अंतराबरोबर ती खाली यायची आणि एक गोळी वर्मी लागली की खेळ आटोपायचा. तासभर चालत जाऊन एका झुडपाआडून मरण यायचं. कित्येक खेळाडू यावर वैतागले, पण पायदळातल्या माणसाला हे ओळखीचं वाटलं.

याच इंजिनावरून व्हीबीएसची पहिली आवृत्ती निघाली. मरीन कोअर आणि ऑस्ट्रेलियाचं लष्कर हे तिचे सुरुवातीचे ग्राहक होते. २००७ मध्ये दुसरी आवृत्ती आली आणि २००९ पासून अमेरिकी लष्कराने तिला आपला अधिकृत प्रशिक्षण-खेळ केलं. ब्रिटननेही ती घेतली. पुढे लष्करी शाखा खेळांच्या कंपनीपासून वेगळी झाली आणि २०२२ साली बीएई सिस्टिम्स या शस्त्रास्त्र कंपनीने ती २० कोटी डॉलरना विकत घेतली.

लष्करी आवृत्तीत सगळ्यांत जास्त मेहनत झाली ती दोन गोष्टींवर. पहिली म्हणजे संपादक, इंग्रजीत ज्याला ‘एडिटर’ म्हणतात. प्रशिक्षकाला प्रोग्रामिंग यावं लागत नाही. नकाशावर ताफा ठेवायचा, वाट आखायची, रस्त्याकडेला बंद पडलेली मोटार उभी करायची आणि बाजारात माणसं सोडायची. सराव चालू असतानाही त्याला हात घालता येतो. तुकडी फारच आरामात चालली आहे असं वाटलं, तर पुढच्या वळणावर एक अडचण वाढवायची. इराक युद्धाच्या काळात अमेरिकेच्या डार्पा या लष्करी संशोधन संस्थेने ‘ऑपरेशन फ्लॅशपॉइंट’वरच ‘डारवॉर्स अँबुश’ हे प्रशिक्षण बांधून घेतलं. रस्त्यावर दबा धरून होणारे हल्ले हा त्याचा विषय होता. इराकमधून परतलेले जवान स्वतः पाहिलेले डावपेच त्यात घालू शकत. छापील पुस्तिकेची सुधारित आवृत्ती निघेपर्यंत शत्रूने डाव बदललेला असतो. इथे मात्र नवी चकमक लगेच मांडता येत होती.

दुसरी गोष्ट म्हणजे सरावानंतरची उजळणी. यंत्राने सगळं नोंदवून ठेवलेलं असतं. कोण कुठे होतं, कोणी कुठे पाहिलं, कोणाची गोळी कोणाला लागली. प्रशिक्षक चकमक मागे नेतो, थांबवतो, वरून दाखवतो, मग शत्रूच्या जागेवरून दाखवतो. आता प्रश्न सुरू होतात. पहिली गाडी थांबल्यावर दुसरी तिला इतकी का चिकटली? जखमीची खबर रेडिओवर द्यायला एवढा वेळ का लागला? डावीकडच्या गच्चीवर कोणाचं लक्ष होतं? मैदानातल्या सरावात या प्रश्नांवर ‘मी तिथे नव्हतोच, साहेब’ असं म्हणून सुटता येतं. इथे पडदा साक्षीला असतो. आणि रणगाडा, डिझेल, दारूगोळा यांतलं काहीही खर्च न करता तोच प्रसंग दहा मिनिटांत पुन्हा घेता येतो.

या यंत्राला शिकवता येत नाही ते सगळं शरीरात आहे. पाठीवरचं ओझं, घामाने निसटणारी मूठ, कानठळ्या, भीती. कीबोर्डवर एक बोट दाबलं की मॅगझीन बदलतं, पण धडधडत्या छातीने अंधारात ते बदलणं हे दुसरंच काम आहे. पडद्यावर समोरचा तुकडाच दिसतो, डोळ्याच्या कोपऱ्यातली हालचाल दिसत नाही. शिवाय मेलेला जवान पाच मिनिटांनी परत जिवंत होतो. त्यामुळे चुकीच्या सवयी लागण्याचाही धोका असतो. म्हणूनच असा सराव मैदानाच्या आधी घेतात, मैदानाऐवजी नाही.

ही उणीव भरून काढायचे महागडे प्रयत्न झाले. ‘डिसमाउंटेड सोल्जर ट्रेनिंग सिस्टिम’साठी अमेरिकी लष्कराने २०११ मध्ये सुमारे पाच कोटी सत्तर लाख डॉलरचं कंत्राट दिलं. त्यात क्रायइंजिन हे गेमचं इंजिन वापरलं होतं. डोळ्यांवर पडदा, हातात नकली रायफल, पायाखाली रबराची चकती आणि चकतीवर उभ्या-उभ्याच लढायचं. त्यानंतर आला मायक्रोसॉफ्टचा चष्मा, ज्यात खऱ्या खोलीतच आभासी शत्रू उभा करता येतो. २०२१ मधला तो करार दहा वर्षांत जवळजवळ २२ अब्ज डॉलरपर्यंत जाणारा होता. पण चाचण्यांत जवानांना डोकेदुखी, मळमळ आणि डोळ्यांवर ताण असे त्रास झाले आणि २०२५ मध्ये ते काम अँड्युरिल कंपनीकडे गेलं.

हुबेहूबपणाने आणखी एक घोळ घातला. याच घराण्यातल्या ‘आर्मा ३’ या बाजारात विकल्या जाणाऱ्या खेळातली दृश्यं खऱ्या युद्धाची म्हणून फिरू लागली. २०२१ मध्ये अफगाणिस्तानातल्या पंजशीरच्या बातम्या देताना आपल्याकडच्या काही वृत्तवाहिन्यांनीही ती दाखवली. शेवटी २०२२ मध्ये बोहेमियालाच पत्रक काढून खोटी चित्रफीत कशी ओळखावी हे सांगावं लागलं. बहुधा ती अंधारातली, हलत्या कॅमेऱ्याची आणि माणसं जवळजवळ न दिसणारी असते.

‘वॉटसन इज डाउन’ ज्या मालिकेचा भाग आहे, तिच्यातच फारोकींनी एक बारीक फरक टिपला होता. युद्धातून मनाने मोडून परतलेल्या जवानांवर उपचार करण्यासाठीही अशीच आभासी दृश्यं वापरतात. तीही आधी एका लढाईच्या खेळाच्या सामग्रीतून बनवली गेली. प्रशिक्षणाच्या प्रोग्राममध्ये तारीख, वेळ आणि ठिकाण पाहून सूर्य उगवतो आणि प्रत्येक वस्तूची सावली तशीच पडते. उपचाराच्या स्वस्त प्रोग्राममध्ये वस्तूंना सावल्याच नव्हत्या. खर्च कुठे करायचा, हे इंजिन ठरवत नाही. ते माणसं ठरवतात.

पडद्यावरच्या गावाचंही तसंच आहे. बाजारात उभा असलेला माणूस नुसता उभा आहे की फोनवरून खबर देतोय, हे संपादकासमोर बसलेला प्रशिक्षक ठरवतो. त्याच्या कल्पनेतलं गाव जवानाच्या डोक्यात बसतं आणि पुढे खऱ्या गावात शिरताना तेच सोबत येतं. सरावातला प्रत्येक गावकरी शत्रू निघाला, तर संशय हीच जवानाची सवय होते. एकही निघाला नाही, तर गाफीलपणा. म्हणून अशी यंत्रणा पारखताना पडदा किती खरा दिसतो हे शेवटी पाहावं. आधी विचारावं, प्रसंग कोणी लिहिला, तो लिहिणारा त्या गावात कधी गेला होता का, आणि सराव संपल्यावर प्रश्न विचारायला कोण बसतं. या तीन उत्तरांत खोट असेल, तर कितीही अब्ज डॉलरचं इंजिन आणलं तरी तो खेळच राहतो.