हॉटेलचं सवलतीचं व्हाउचर घ्यावं का? खुलताबादच्या एका घरातला हिशेब

रमजानचा चांद दिसायला अजून आठवडा बाकी असतो, आणि मोबाईलवर जाहिराती सुरू होतात. 'इफ्तार बुफे, भरघोस सूट', 'एकावर एक जेवण मोफत', 'ऑफर फक्त आज रात्रीपर्यंत'. खुलताबादेत बसस्टँडजवळ चहाला बसलं की कुणीतरी फोन पुढे करतो आणि विचारतो, "काय म्हणता, घ्यायचं का हे?" गेल्या वर्षी आम्ही घेतलं होतं. त्यामुळे आधी आमचाच हिशेब मांडतो.

शाबानच्या महिन्यात छत्रपती संभाजीनगरमधल्या एका हॉटेलची बुफे व्हाउचर आम्ही ऑनलाइन घेतली. हॉटेलचा दर माणशी ७०० रुपये, व्हाउचर ४५० रुपयांना. घरात खाणारी माणसं सहा. पण व्हाउचर आठच्या गठ्ठ्यातच मिळत होती, म्हणून आठ घेतली. ३,६०० रुपये लगेच खात्यातून गेले. स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत आलं, 'तुमचे २,००० रुपये वाचले.' घरात सगळे खूश.

दुसऱ्या जुम्याला इफ्तार तिथेच करायची ठरलं. निघण्याआधी सहज हॉटेलला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "सर, हे व्हाउचर रमजानमध्ये चालत नाही. आणि बुफे साडेसातला सुरू होतो." आम्ही पुन्हा व्हाउचर उघडून पाहिलं. अट होती. 'सण व विशेष दिवशी लागू नाही' असं अगदी तळाशी, 'अधिक वाचा' दाबल्यावर दिसेल असं लिहिलेलं. रमजानचा अख्खा महिना 'विशेष दिवस' कसा, असं विचारून पाहिलं. उपयोग झाला नाही.

शेवटी ईदनंतर एका बुधवारी गेलो. सहा व्हाउचर वापरली, दोन उरली. वर ५ टक्के कर, १३५ रुपये. म्हणजे जेवणापायी खिशातून एकूण ३,७३५ रुपये गेले. त्याआधी याच हॉटेलात आम्ही सहाजण मेनू कार्डावरून मागवून जेवलो होतो, तेव्हा करासह बिल आलं होतं २,३१० रुपये. कारण सरळ आहे. अम्मी रात्री दोन रोट्या आणि थोडी डाळ एवढंच घेतात. धाकटा आईस्क्रीमशिवाय कशाला हात लावत नाही. बुफेत मात्र प्रत्येकाचं ताट पूर्ण दराचं. स्क्रीनवर २,००० वाचले आणि प्रत्यक्षात १,४२५ जास्त गेले.

माणशी ७०० कधी देणारच नव्हतो

सगळी गोम इथे आहे. सूट मोजली जाते छापील दरावरून. आपली बचत मोजायची असते ती आपण एरवी जे खर्च केले असते त्यावरून. माणशी ७०० रुपयांचं जेवण आमच्या घरात कधी होतच नाही, मग २५० वाचले म्हणजे कशातून वाचले? शिवाय उरलेली दोन व्हाउचर धरली तर माणशी भाव ४५० राहिलाच नाही. ३,६०० भागिले सहा, म्हणजे ६०० झाला. एक व्हाउचर वाया गेलं की बाकीची सगळी महाग होतात, हे गठ्ठ्याने घेताना कुणाच्या लक्षात येत नाही.

आणि रस्त्याचं काय? खुलताबादहून शहर साधारण २५ किलोमीटर. सहा माणसांना गाडी ठरवावी लागते. आम्ही येण्याजाण्याचे १,२०० रुपये दिले. दौलताबादच्या घाटात वाहतूक अडकली तर वेळ जातो तो वेगळा. शहरात राहणाऱ्या माणसासाठी जी सूट आहे, ती आपल्याकडे पोहोचेपर्यंत डिझेलमध्ये जिरून जाते. शहरात आधीच काही काम असेल, दवाखाना असेल, लग्नाची खरेदी असेल, तर गोष्ट वेगळी. केवळ व्हाउचर आहे म्हणून घाट उतरणं परवडत नाही.

सगळ्या सवलती सारख्या नसतात

एक प्रकार म्हणजे आधी पैसे भरून घेतलेलं व्हाउचर, आमच्यासारखं. दुसरा, वर्षाची किंवा काही महिन्यांची फी भरून घेतलेलं सभासदत्व, ज्यावर ठरावीक हॉटेलांत सूट मिळते. तिसरा, जेवण झाल्यावर ॲपवरून बिल भरलं की तिथल्या तिथे कमी होणारी रक्कम. यातला तिसरा प्रकार बहुतेक वेळा बिनधोक असतो. आधी काही गुंतत नाही, हॉटेल आवडलं नाही तर उठून जाता येतं. पहिल्या दोन्हींत पैसे आधी जातात, आणि पैसे एकदा गेले की माणूस ते 'वसूल' करायला निघतो. भूक नसताना जातो, गरजेपेक्षा जास्त मागवतो.

सभासदत्वाचं एक उदाहरण अनेकांना आठवत असेल. नोव्हेंबर २०१७ मध्ये झोमॅटोने भारतात 'गोल्ड' सुरू केलं. काही हॉटेलांत एका पदार्थावर एक मोफत, तर काही ठिकाणी दोन पेयांवर दोन मोफत. आता विचार करा, ज्या घरात दारूला स्थान नाही, त्या घराने भरलेल्या फीमधला पेयांचा हिस्सा जवळपास गेलाच. फी मात्र सगळ्यांना सारखी. सहा माणसांच्या टेबलावर एक पदार्थ मोफत मिळाला तर बिलावर फारसा फरकही पडत नाही. दोघंच जाणार असतील तर पडतो. अशा योजना मुळात शहरातल्या दोन-तीन जणांच्या टोळक्यांसाठी आखलेल्या असतात. आपल्याकडे जेवायला जायचं म्हटलं की अम्मी, अब्बा, फुफू, पोरंटोरं सगळी निघतात.

ही सूट येते कुणाच्या खिशातून, हेही पाहायला हवं. मुख्यतः हॉटेलवाल्याच्या. ऑगस्ट २०१९ मध्ये गुरुग्रामपासून हॉटेलवाल्यांनी 'लॉगआउट' मोहीम काढली आणि शेकडो हॉटेलं अशा सवलत योजनांतून बाहेर पडली. नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशन ऑफ इंडिया ही त्यांची संघटना त्यामागे उभी राहिली. बेसुमार सुटीने धंदा पोखरला जातोय, अशी त्यांची तक्रार होती. पुढे २०२० मध्ये 'गोल्ड'ची जागा 'प्रो'ने घेतली, आणि २०२३ मध्ये 'गोल्ड' हे नाव नव्या रूपात परत आलं. नावं बदलत राहतात. हॉटेलवाल्याला सूट द्यायची आणि कमिशनही भरायचं, तर तो कुठून तरी भरून काढणारच. वाटी लहान होते, मटणाचे तुकडे मोजून येतात, किंवा सूट फक्त सोमवार ते गुरुवार राहते.

सूट तिथेच असते जिथे खुर्च्या रिकाम्या असतात. आपल्याच गावात बघा. रबीउल अव्वलमध्ये जरजरी जर बक्ष यांचा उर्स आणि पैरहन-ए-मुबारकची जियारत असते, हनुमान जयंतीला आणि श्रावणातल्या शनिवारी भद्रा मारुतीला गर्दी लोटते, पावसाळ्यात म्हैसमाळला गाड्यांची रांग लागते. त्या दिवसांत इथल्या कुठल्या हॉटेलवाल्याला व्हाउचर विकावंसं वाटेल? मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात, त्या दिवशी त्याला गिऱ्हाईक हवं असतं. म्हणून व्हाउचरवर 'वार' आधी वाचा. तुम्हाला ज्या दिवशी जायचंय, नेमक्या त्याच दिवशी ते चालत नसण्याची शक्यता मोठी.

बिलात शेवटी काय चढतं

साध्या हॉटेलात जेवणावर जीएसटी ५ टक्के असतो. मोठ्या तारांकित हॉटेलांतल्या रेस्टॉरंटमध्ये तो १८ टक्के असू शकतो. ४५० चं व्हाउचर तिथे ५३१ ला पडतं. कर 'समाविष्ट' की 'वेगळा', हे घेण्याआधी पाहायचं. बिलावरच सूट असेल, तर कर सूट वजा जाता उरलेल्या रकमेवर लागतो. काही जण आधीच्या पूर्ण रकमेवर लावून देतात, तेव्हा बिल नीट तपासा. आणि जे छोटं हॉटेल कंपोझिशन योजनेत आहे, त्याला गिऱ्हाईकाकडून वेगळा जीएसटी घेताच येत नाही.

सेवा शुल्क म्हणजे सर्व्हिस चार्ज, ही दुसरी भानगड. 'व्हाउचरवर सर्व्हिस चार्ज वेगळा' असं अनेक ठिकाणी छापलेलं असतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी स्पष्ट केलं की हॉटेलने तो आपोआप किंवा सक्तीने बिलात लावायचा नाही. त्याविरुद्ध हॉटेल संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ च्या निकालात न्यायालयाने प्राधिकरणाचीच बाजू उचलून धरली. तेव्हा काढायला सांगा. लाजायचं कारण नाही, खुशीने वेटरला द्यायचं ते हातात देता येतं.

'फक्त २ व्हाउचर शिल्लक', खाली उलटं धावणारं घड्याळ, शेवटच्या पानावर अचानक वाढलेली रक्कम, न विचारता जोडलेलं सभासदत्व. ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा १३ फसव्या युक्त्यांची यादी आहे आणि त्यांना मनाई आहे. तरीही घड्याळं धावतातच. आमच्या वेळचं 'आज रात्रीपर्यंत' पुढे तीन आठवडे चालू होतं.

हॉटेलने व्हाउचर नाकारलं तर आधी विकणाऱ्या ॲपकडे लेखी तक्रार करा, स्क्रीनशॉट ठेवा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्याहीपुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्यानुसार आपण जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, कंपनी गुरुग्रामची असो की बंगळुरूची. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. 'पैसे परत मिळणार नाहीत' एवढं छापलं म्हणजे सगळं संपलं असं नसतं. पण खरं सांगायचं तर ४५० रुपयांसाठी कोण चकरा मारतो? विकणाऱ्यांनाही ते ठाऊक असतं.

व्हाउचरच नसलेलं व्हाउचर

इथे मात्र शेकड्यांचा नाही, लाखांचा प्रश्न आहे. गेल्या काही वर्षांत मुंबई-पुण्यात फेसबुकवर नामांकित थाळीच्या हॉटेलांच्या नावाने 'एका थाळीवर दोन मोफत' अशा जाहिराती फिरल्या. त्या हॉटेलांचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता. लिंकवर थोडे पैसे आगाऊ भरायला सांगायचे, कार्डाचा नंबर आणि ओटीपी घ्यायचा, किंवा फोनमध्ये एखादं ॲप उतरवायला लावून खातं रिकामं करायचं. लोकांच्या आयुष्यभराच्या कमाया गेल्या. 'इफ्तार ऑफर' नावाने अशी लिंक घरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली, तर पाठवणारा आपला खालू असला तरी दाबू नका. त्यालाही ती कुणीतरी पाठवलेलीच असते. हॉटेलच्या काउंटरवर फोन करून विचारा, आणि नंबर जाहिरातीतला घेऊ नका. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर सायबर तक्रार करा. तासाभरात केलेल्या तक्रारीत पैसे अडवले जाण्याची आशा जास्त.

हलाल आणि गरर

व्हाउचर घेताना आपल्यापैकी बहुतेकांना पडणारा एक प्रश्न ॲपवर धड कुठे लिहिलेला नसतो, तो म्हणजे मांस हलाल आहे का. पैसे भरण्याआधी फोन करून विचारा. भरल्यावर कळलं तर सात्त्विक थाळी खाऊन परतावं लागतं, आणि तीही बुफेच्या दरात.

फी भरून घेतलेल्या सवलत कार्डाबद्दल उलेमांनीही चर्चा केली आहे. मक्केतील राबिता अल-आलम अल-इस्लामीच्या फिकह परिषदेने ठरावीक शुल्क घेऊन विकली जाणारी सवलत कार्डं नाजायज ठरवली. कारण दिलं गरर, म्हणजे व्यवहारातली अनिश्चितता. माणूस फी भरतो, पण सूट किती वापरेल आणि वापरेल की नाही, हे त्याला माहीत नसतं. फुकट मिळणाऱ्या कार्डाला मात्र हरकत नाही. ठरलेलं जेवण ठरलेल्या किमतीत आगाऊ घेणं याहून वेगळं दिसतं, तरी ज्यांना खात्री हवी त्यांनी आपल्या आलिमांना विचारावं. एवढं खरं की शुद्ध हिशेबाच्या बाजूने आम्ही ज्या जागी अडखळलो, नेमकी तीच जागा फिकहच्या अभ्यासकांनी आधी दाखवून ठेवली होती.

आमची उरलेली दोन व्हाउचर महिनाअखेरीस संपणार होती. भाचा शहरात होस्टेलला राहून शिकतो, त्याला पाठवली. हॉटेल त्याच्या खोलीपासून चालत दहा मिनिटांवर. एका मंगळवारी तो मित्राला घेऊन गेला, दोघांनी दोन तास बसून खाल्लं, शेवटी फिरनीच्या तीन-तीन वाट्या. रात्री त्याचा फोन आला, "मामू, अजून आहेत का?"